फडीवर वाळत पडलेलं जागतिकीकरण

आमचं गाव धानोऱ्याहून आत, जंगलात. घरात सहा जीव, धान होये ते होळीपर्यंत पुरे, मंग आंबिलीवर दिवस, अन् उन्हाळ्यात बिडीचा तेंदूपत्ता आला का तेलमीठ येये, अंगावर कपडा येये. काय सांगू तुम्हाले, मी कॉलेजात गेली तं लोकं मायले म्हनत, बाई, पोरगी शिकून काय दोन हातांचे चार करन?

बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. त्या साली परीक्षा लांबली अन् नेमकी पानाच्या हंगामात आली. मी लायब्ररीतून एका मोठ्या अर्थशास्त्रज्ञाचं जाडं पुस्तक आणलं होतं, जागतिकीकरण अन् विषमतेवरचं, मराठीत केलेलं. दुपारी सावलीत आमी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत राहो अन् मी मोठ्यानं वाचत राहो. मी म्हनलं, माय, हा लिहिते का माल करणाऱ्याले भाव ठरवता येत नाई, भाव दूर कुठीतरी ठरते. माय म्हने, एवढंच सांगाले त्याले इतके कागद लागले? फडीवर आला असता तं मुन्शीनं त्याले एका सकाळी शिकवलं असतं.

फडी म्हणजे पानं विकाची जागा. तिथी शंभर पुड्यांची ओळ लावा लागे, अन् अर्धवट ओळ ठेकेदाराचा मुन्शी लिहूनच घेत नसे. एक दिवस मी पाणी आणाले गेली अन् मायची ओळ एका पुड्यानं कमी पडली. तिनं काय करावं? माह्या थैलीतलं पुस्तक काढलं, वरून खालून पानं लावली, वाखानं, म्हणजे सालीच्या दोरीनं बांधलं अन् देल्लं ठेवून ओळीत. मुन्शीनं बोट नाचवत मोजलं, शंभर बराबर! मायचा विचार, उद्या खरा पुडा ठेवीन अन् हा उचलीन.

दुसऱ्या दिवशी मी घरभर पुस्तक शोधून राह्यली. हॉल तिकिटाचा तो शेवटचा दिवस, अन् पुस्तक जमा केल्याची चिठ्ठी नसन तं तिकीट नाई, मंग वर्ष वाया. मी रडाले लागली तं माय शांतपणे म्हने, रडू नको, फडीवर वाळून राह्यलं.

धावत गेलो. फडीच्या चौकीदारानं वाळाले पुडे पलटवून ओळी मोडलेल्या, हजारो पुडे, सगळे सारखे! दोघी वाकून एकेक पुडा दाबून राह्यलो. मुन्शी वरडला, मावशी, काय करून राह्यल्या? माय म्हने, वाळले का पाहतो भाऊ. तेवढ्यात माह्या हाताले कडक लागलं. मी वाख सोडला अन् खरं काय ते सांगून टाकलं.

मुन्शीनं पुस्तक उलटंपालटं करून पाह्यलं अन् पोट धरून हासला. मंग एकदम साहेब झाला. म्हने, मोजला तो माल ठेकेदाराचा, बदल्यात पुडा पाह्यजे. मायनं पदर खोचला. म्हने, पूर्ण काऊन देऊ? पुस्तकाभवती माह्यीच तीस पानं आहेत, ती ठेव, मी चाळीस देतो. मुन्शी म्हने, पन्नास. माय म्हने, चाळीस, नाई तं ठेकेदाराले सांगतो का तुह्या मोजणीत पुस्तकंई चालतात. मुन्शीनं पुस्तक माह्या हाती देल्लं. चाळीस पानांवर सौदा जमला. मी म्हनलं, त्या अर्थशास्त्रज्ञानं माह्या मायले पाह्यलं नसन.

मंग मोडक्या सायकलीवर कॉलेज गाठलं. लायब्ररीवाल्या भाऊनं पुस्तक नाकाले लावलं, म्हने, बाई, बिडीत बांधलं होतं काय? पन चिठ्ठी देल्ली.

परीक्षा देल्ली. दुसऱ्या वर्गात पास झाली. आमच्या गावची पयली बी.ए. मी. पुढं एम.ए. केलं, बी.एड. केलं. आज तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो, पर्मनंट आहो.