वाट बघणाऱ्या बाईचा पिक्चर

माझं माहेर पोलादपूरच्या वर डोंगरात, आणि सासर त्याच्या समोरच्या डोंगरात, मधे एक ओढा, म्हणजे माहेरचा कोंबडा आरवला तर सासरी ऐकू यायचा पण माहेरी जाऊन यायचं तर सगळा दिवस मोडायचा. माझं नाव हौसाबाई. वयाचं विचारू नका, सत्तरीनंतर मी मोजायचं सोडून दिलं. आमचं माणूस मुंबईला कापडाच्या गोदामात होतं, म्हणजे लग्न माझं त्यांच्याशी नाय झालं, सासूशी आणि दोन बैलांशी झालं. आमच्या वाडीत तेव्हा असंच, पुरुष मुंबईला आणि बाई गावाला, तो येणार शिमग्याला, गणपतीला आणि मे महिन्यात आठ दिवस. बाकीचं वर्ष शेत आपलं, सासू आपली, आजारपण आपलं.

आता राहते बिरवाडीत, मुलाकडं. तो महाडच्या एमआयडीसीत कारखान्यात हाय, आज सकाळची पाळी तर उद्या दुपारची. दुपारचं जेवण झालं की मी पिक्चर बघते. नातीचा जुना मोबाईल हाय, काचेला तडा गेलेला, त्यामुळं सगळ्या हिरोंच्या तोंडावर एक रेघ दिसते, ती त्यांना शोभते. काय सांगू तुम्हाला, परवा एक मारामारीचा बघितला, हिरो एकटा तीस जणांना मारतो आणि उरलेले आपली पाळी येईपर्यंत रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे थांबतात, एकाला पण सुचत नाय की मागनं जाऊन धरावा. त्याच्या आदल्या दिवशी एक आपल्या कोकणातला बघितला. आमचं कोकण म्हटलं की ह्यांना समुद्रच पाहिजे, माड पाहिजेत, होडी पाहिजे. अरे, पोलादपुरात कुठं समुद्र? आमच्याकडं मासा यायचा तो सुका होऊन, बाईच्या डोक्यावरच्या पाटीत. मी समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्या मुलाला मिशी फुटली होती.

हे सगळं मी हसून सोडून देते. पण गेल्या महिन्यात एका रविवारी टीव्हीला जो लागला, त्याच्यावर मी हसले नाय. आज पण नाव काढलं की माझं डोकं तापतं.

त्या पिक्चरात एक बाई हाय, नवरा शहरात गेलेला, आणि ती वीस वर्षं त्याची वाट बघते. खांबाला हात लावून उभी राहते, डोळ्यांत पाणी, मागं बासरी. वीस वर्षांत बाईच्या साडीला चिखलाचा एक डाग नाय. पायाला भेग नाय. शेत कोण लावतं ते दाखवत नाय, पाणी कोण भरतं ते दाखवत नाय, सासू हागवणीनं पडली तर कोण उचलतं ते तर नायच नाय. शेवटी तो येतो, तिच्या पायाशी बसतो, आणि संपला पिक्चर. आणि आमच्या घरातली सगळी रडतायत. सून रडतेय, मुलगा चष्मा पुसतोय, आणि सोनल, माझी नात, पदवी घेतलेली, कारखान्याच्या प्रयोगशाळेत औषधं तपासणारी पोरगी, ती नाक ओढत मला सांगते, आजी, किती छान ना गो, असं वाट बघणं पण किती छान.

बाकीच्यांचं रडणं मी सोडून दिलं असतं. सोनलचं नाय सोडलं, कारण तिला तेव्हा एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, आमच्याच पोलादपूरकडचा, मुंबईला नोकरी, चौघांबरोबर एका खोलीत राहतो. वडील वारलेत, आई गावाला एकटी. त्यांची अट एवढीच की खोली मिळेपर्यंत मुलीनं नोकरी सोडून गावाला आईजवळ राहायचं. खोली कधी मिळेल? मिळेल. आठ दिवस सोनल काही बोलत नव्हती, घर तिच्या तोंडाकडं बघत होतं. आणि पिक्चर संपल्यावर उशीनं डोळे पुसत ती बोलली, बाबा, येत्या रविवारी त्यांना बोलवा, माझा होकार हाय.

मी ताटलीतले शेंगदाणे खाली ठेवले. बोलले, हा होकार तुझा की त्या खांबाला धरलेल्या बाईचा? ती बोलली, आजी, तू पण तर तशीच राहिलीस की, आणि किती अभिमानानं सांगतेस. झालं. म्हणजे चूक माझीच. इतकी वर्षं मी नातवंडांना माझं तरणपण सांगत आले ते गाळून, निवडून, पिक्चरवाल्यांसारखं. मग त्या दिवशी मी तिला न निवडलेलं सांगितलं, तुम्हाला पण सांगते.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी महाडच्या जत्रेत तंबूत मी पहिला पिक्चर बघितला. त्यात पण अशीच एक वाट बघणारी. हा रोग नवा नाय. मी येडी, एवढी येडी की घरी येऊन पितळेच्या ताटात बघून तिच्यासारखी मान वाकडी करायची, सासूला वाटलं माझ्या अंगावरनं वारं गेलं, तिनं तेल चोळलं मानेला. मग आला मे महिना. ह्यांची चिठ्ठी आली, अमुक दिवशी सकाळच्या एसटीनं येतो. त्याच दिवशी आमचा राब भाजायचा होता. राब म्हणजे काय, भाताचं रोप जिथं करायचं त्या वाफ्यावर शेण, पाला, गवत पसरायचं, वर माती टाकायची आणि पेटवायचं, म्हणजे तण मरतं. पण पेटवल्यावर हातात ओली फांदी घेऊन तिथंच उभं राहायचं, वारा फिरला की झोडपायचं. लहान पोराला पण कळतं हे. मी राब पेटवला, सासू ओढ्यावर धुणं घेऊन गेलेली, आणि मी काय केलं? केसात अबोलीची वेणी घातली, नवी साडी नेसले आणि एसटीच्या फाट्यावर गेले.

फाट्यावर खांब नव्हता, आंबा होता. मी आंब्याला हात लावून उभी राहिले, मान वाकडी करून. आंब्यावर लाल मुंग्या. त्या हातावर चढल्या, काखेपर्यंत गेल्या, चावल्या, पण पिक्चरातली बाई हात काढत नाय तर मी कशी काढणार? डोळ्यांतनं पाणी येत होतं ते मुंग्यांचं, पण मला वाटलं, बघा, कसं आपोआप येतंय. एवढ्यात एसटी आली. हे उतरले, डोक्यावर ट्रंक. कंडक्टर खिडकीतनं ओरडला, ओ बाई, तुमच्या वाडीवर धूर कसला? ह्यांनी वर बघितलं, ट्रंक तिथंच टाकली आणि माझ्या अंगावरून, माझ्याकडं न बघता, धावत सुटले. मी तशीच आंब्याला हात लावून.

आमची पेंढ्याची उडवी जळाली. बैलांची पावसाळ्याची सगळी वैरण. सासूनं माझ्या केसातली अबोली काढून राखेत टाकली. आठ दिवस राहून हे परत मुंबईला गेले, आणि तो सगळा पावसाळा मी कड्यावरनं ओलं गवत कापून डोक्यावरनं आणलं, पोटात तुझा बाप होता सोनल, आणि चौथ्या भाऱ्याला मी पिक्चरवाल्याच्या सात पिढ्या काढायची.

असे अठ्ठावीस मे महिने गेले. मग हे रिटायर होऊन आले, खोकला घेऊन. पिक्चर तिथं संपतो. मला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा दाखवा ना! दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी आपल्याच घरात मला विचारलं, मीठ कुठं असतं? आणि मला माहीत नव्हतं की ह्यांना चहात साखर किती लागते. दोघं चुलीपुढं पाव्हण्यासारखे बसलो. माणूस वाईट नव्हतं. पण आमची ओळख होईपर्यंत खोकल्यानं नेलं.

  रविवारी पाव्हणे आले, मुलगा आणि त्याची आई, शांताबाई. मी तयारीत बसले होते, म्हटलं, हिला आज सोडत नाय. चहा झाल्यावर विचारलं, काय हो, तो पिक्चर बघितला का, वीस वर्षं वाट बघते तो? बोलली, बघितला, शेजारणीकडं, लय रडले. मी बोलले, कशाला रडलात? तिनं कप खाली ठेवला. मग बोलली, तिचा आला ना शेवटी, म्हणून. आमचे नाय आले. तिकडंच गेले. निरोप पोचला तेव्हा मी एकटीच राब भाजत होते, सोडून कशी येणार, विझेपर्यंत उभी राहिले.

माझ्या तोंडात शिव्या होत्या त्या तोंडातच राहिल्या. मुलगा आईकडं बघायला लागला, त्याला हे माहीत नव्हतं. म्हणजे हिनं पण गाळूनच सांगितलेलं.

तेव्हा सोनल स्वयंपाकघराच्या दारातनं पुढं आली. बोलली, आई, तुम्ही इकडं या, बिरवाडीत खोली बघू, मी तुम्हाला एकटं नाय ठेवणार. पण मी नोकरी सोडणार नाय आणि वाट बघणार नाय. ह्यांनी इकडच्या कारखान्यात बघावं. जमलं तर माझा होकार, नायतर नाय. माझ्या मुलानं तोंडातल्या तोंडात पाव्हण्यांसमोर असं बोलतात का म्हटलं, मी त्याच्याकडं असं बघितलं की तो गप. शांताबाई बोलली, खोलीला तुळशीपुरती जागा असली तर मी येईन. मुलगा बोलला, विचार करतो.

कर बाबा विचार. दोन रविवार गेले, फोन नाय. घरात सगळी माझ्याकडं असं बघायची जशी मी परत उडवी पेटवली. मला पण आतनं धाकधूक, खोटं कशाला बोलू, पोरीचं चांगलं स्थळ माझ्या तोंडानं गेलं असतं तर? पण सोनल रोज वेळेवर डबा घेऊन कंपनीच्या बसला जात होती, फोनकडं बघत पण नव्हती.

काल दुपारी भात टाकला आणि गॅलरीत आले, तर नाक्यावर तो उभा. पांढरा शर्ट, हातात कागदांची पिशवी, कुठंतरी अर्ज देऊन आला असणार. वर आमच्याकडं नाय आला. पानवाल्याला काहीतरी विचारलं त्यानं, सोनलची बस कधी येते तेच असणार. नेमकी काल बस उशिरा. तो एका पायावरनं दुसऱ्या पायावर, घाम पुसतोय, घड्याळ बघतोय, मोटारसायकलवाले त्याच्या अंगावर धूळ उडवून जातायत. तास झाला. मी जागची हलले नाय. सून आतनं ओरडली, आई, भात करपला! मी बोलले, करपू दे गो, पिक्चर लागलाय.

तास उभा राहिला म्हणून त्यानं उपकार नाय केले, माझे अठ्ठावीस वर्षांचे तास बाकी हायत. पण बस आली, सोनल उतरली, आणि तो तिच्याकडं गेला, तिच्या अंगावरून नाय. बाय सोनल, सुखी राहा. आणि त्याला विचारून घे, चहात साखर किती लागते.