जाझ बँड अन् याडीचा अक्कलकारा

नाही, तुम्ही मले एक सांगा राजेहो, गाणाऱ्याचं औषध येगळं अन् फुकणाऱ्याचं औषध येगळं, हे कोण्या पुस्तकात लिवलं आहे? नाही ना? मंग सारं पुसद मलेच काहून बोलून राह्यलं? धनसिंगनं बँड बुडवला म्हणे, धनसिंगनं मास्तरले खाली पाह्याले लावलं म्हणे... परवा बाजारात गेलतो तं भाजीवाली इंदूबाई बी इचारते, "काहो ट्रंपेटवाले, लाळ थांबली काय?" इचारू द्या. तुम्हाले सांगतो, मले काहीच वाटलं नाही.

आता झालं काय, बासष्ट साली आमच्या शाळेत रामराव मास्तर आले. कामठीच्या फौजी बँडात जिंदगी घालवलेला माणूस, बायको ना पोर, सहा बाजे संग घेऊन आले अन् आम्हा सहा पोट्ट्यायले जाझ शिकवू लागले. जाझ! माह्या बापानं इचारलं, "जहाज? पुसदले कायचं जहाज?" म्हणलं, जहाज नाही हो, जाझ. म्हणजे पहिले साऱ्यायनं मिळून वाजवायचं, मंग एकेकानं पुढं यायचं, आपल्या मर्जीनं वाजवायचं अन् मागं जाऊन उभं राह्यचं. बापानं बैलाकडे पाह्यलं, बैलानं बापाकडे पाह्यलं, कोणालेच काही समजलं नाही.

आमच्या हेडमास्तरले मात्र 'मर्जी' तेवढं बरोबर समजलं. ते पुस्तकासारखं बोलतात... "मर्जी? शाळेत? रामराव, हे विद्यार्थी आहेत." त्यायले तो तास कवायतीले पाह्यजे होता. शेवटी ठरलं असं का नागपूरले संगीत महोत्सव आहे, तिथं शाळांच्या बँडची स्पर्धा आहे, तिथून कप आणला तं बँड राहीन, नाही आणला तं बाजे कपाटात अन् मास्तर घरी. घरी म्हणजे कुठं? मास्तरले घर होतं कुठं? शाळेमागची एक खोली, तीबी शाळेचीच!

निंगालो मंग येष्टीनं. बाजे टपावर, ढोल आमच्या ढोलवाल्या फकिराच्या मांडीवर, अन् आमी साऱ्यायनं पांढरे कोट घातलेले. आता पांढरे कोट अन् बाजे पाह्यल्यावर लोक काय म्हणतीन? दिग्रसले एकानं इचारलं, लग्न कोणाचं? दारव्ह्याले दुसऱ्यानं इचारलं, नवरी कुठची? आमचा क्लॅरिनेटवाला घनश्याम दिसाले गोरा, एका म्हातारीनं त्याले सरळ कुंकू लावलं अन् वरून म्हणते, "नीट नांदा बापा." तो लाजला! अबे, लाजतं कायले? तुहं लग्न थोडीच आहे!

मंग कळंबच्या अलीकडे टायर फुटलं. कंडक्टर म्हणे, घंटाभर लागते. मास्तर म्हणे, बाजे उतरवा. वावरात कापूस येचणाऱ्या बाया होत्या, त्या बांधावर येऊन उभ्या राह्यल्या, अन् आमी वाजवलं. माही पाळी आली, मी पुढं झालो, अन् राजेहो, त्या दिवशी ट्रंपेट असा वाजला, असा वाजला का मलेच खरं वाटेना. मास्तरनं डोळे मिटून घेतले होते. बाया येचणं सोडून आयकत होत्या. तेवढं एक खरं सांगतो, तवा मले लय बरं वाटलं होतं. तिथंच टायर दुरुस्त नसतं झालं तं चाललं असतं.

पण झालं! नागपूर आलं. एवढा मोठा हॉल, समोर तीन परीक्षक, अन् आमी पुसदचे सहा पोट्टे. मास्तर नावं द्याले गेलते. मले आठवलं, याडीनं, म्हणजे माह्या आईनं, निंगतानी पुडी देल्ली होती. अक्कलकाऱ्याची बोंडं. आमच्या बंजारा तांड्यात भजनाच्या आंधी गाणारे चघळतात, गळा खुलते. याडीनं बजावलं होतं, एकेकच देजो. म्हणलं, तांड्यात एक पुरते, पण हे नागपूर आहे. मी देल्ले तीन-तीन!

तुमी कधी तीन खाल्ले काय? खाऊ नका. पहिले जिभेले झिणझिण्या आल्या, मंग होठाले, अन् मंग होठ कुठं गेले तेच समजेना! हात लावून पाह्यला, होठ होते... पण माहे नव्हते, दुसऱ्या कोणाचे असतीन असे. अन् लाळ! पान्हवल्या म्हशीसारखी चालू. तेवढ्यात नाव पुकारलं.

फकिराचा ढोल सुरू झाला, त्याले होठाचं काय काम? मंग आमी पाचही जणायनं फुकलं. फुस्स. दुसऱ्यांदा फुकलं. फुस्स. ढोल आपला वाजूनच राह्यला. आता काय करता? मास्तरनं जसं शिकवलं तसं केलं. घनश्याम पुढं गेला, फुस्स, मागं येऊन उभा राह्यला. दुसरा गेला, फुस्स, मागं आला. माही पाळी आली, मी सरळ छाती काढून पुढं गेलो, मास्तर पडद्यापाशी उभे होते, माह्याकडे पाहत होते, अन् मी फुकलं. फुस्स. मी मागं येऊन उभा राह्यलो. तुम्हाले सांगतो, मले काहीच वाटलं नाही.

 येष्टीच्या फलाटावर मास्तरनं माहा ट्रंपेट घेतला, उलटा केला, लाळ काढली, रुमालानं पुसून परत देल्ला अन् म्हणले, "धनसिंग, टायर फुटलं तवा मस्त वाजवलं होतं." एवढंच. मी रडाले पाह्यजे होतं. होठ ठिकाणावर आले होते, जीभ आली होती, पण रडू कुठं अडकलं होतं कोणास ठाऊक. मले काहीच वाटलं नाही.

आता पुढचं आयका. आठ दिवसानं शाळेत खोकं आलं. खोक्यात कप! त्यावर लिवलेलं, 'शिस्त व गणवेश, प्रथम क्रमांक'. संग परीक्षकाची चिठ्ठी... शेवटपर्यंत एकही विद्यार्थी रांग चुकला नाही, गोंधळला नाही, कौतुक वाटले. हेडमास्तरनं प्रार्थनेच्या वक्ती ती चिठ्ठी दोनदा वाचली अन् म्हणले, "बँड राहील. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, आणि कोणी मोठे पाहुणे आले की बँड समोर पाहिजे. फक्त, रामराव, वाजवायचं नाही. नागपूरला उभे राहिले तसं उभं राहायचं."

मास्तर म्हणले, "होय साहेब."

खोली राह्यली, तास राह्यला, मास्तर राह्यले. दर शनिवारी सराव असते. मास्तर हात वर करतात, आमी बाजे होठाले लावतो, हात खाली आला का उतरवतो. अन् यंदा तं हेडमास्तरनं बँडात अजून चार पोट्टे भरती केले. बाजे नाहीत त्यायच्यापाशी. लागतात कायले?