गोल झाला तेव्हा मी बाहेर होतो

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले स्टेशनमास्तर साहेब, आपल्या रेल्वे इन्स्टिट्यूटचे कार्यवाह आणि माझे धाकटे स्नेही श्री. लडकू ठोंबरे, लोकोशेड, केबिन आणि पार्सल ऑफिसातले माझे सहकारी, पावसात भिजत, पोराबाळांना कडेवर घेऊन आलेल्या माझ्या भगिनी, आणि मागच्या बाजूला उभे राहिलेले तरुण मित्रहो,

आपण मला शाल दिली, श्रीफळ दिलं, हे भारदस्त घड्याळ दिलं. निवृत्त होणाऱ्या माणसाला घड्याळ का देतात, हे मला कधी उमगलेलं नाही. तीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांभाळल्या, आता सांभाळायला वेळ उरली आहे कुठली? पण आपण प्रेमानं दिलंत, मी आदरानं स्वीकारलं. घड्याळ सुरेख आहे.

माझ्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं की मध्येच मी शेजारी वळून पाहिलं, आणखी कुणाचा सत्कार आहे की काय. साहेबांनी माझ्या चोख कामाचा उल्लेख केला. साहेब, आपण नवीन आहात. माथेरानच्या एका हॉटेलाचं क्रोकरीचं खोकं नेरळला उतरायचं ते माझ्या कारकिर्दीत कर्जतला उतरलं आणि इथून परत नेरळला जाईस्तोवर त्यातली एक बशी शाबूत राहिली नाही, हे आपल्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. असो.

आणि लडकूनं सांगितलेल्या हकिकतीला तर सभागृह दणाणून गेलं. तो म्हणाला, पंच्याहत्तर साली क्वालालंपूरला आपण हॉकीचा विश्वचषक जिंकला तो येसाजीदादा घराबाहेर बसले म्हणून. तुम्ही हसलात, मीही हसलो. आठ वर्षं मी या गोष्टीला हसत आलो आहे. गोष्ट खरीच आहे. फक्त लडकूनं ती आतून सांगितली, कारण तो आत होता. अध्यक्षांची परवानगी असेल तर आज मी ती बाहेरून सांगतो.

तरुण मंडळींना खरं वाटणार नाही, पण या कर्जतमध्ये एके काळी हॉकीचं वेड होतं. लोकोशेडमागचं मैदान आमचं होतं. मी फुलबॅक खेळायचो. बरा खेळायचो, असं मीच म्हणतो, कारण दुसरं म्हणणारं आता कुणी उरलं नाही. गुडघा गेला आणि मी मैदानाच्या कडेला आलो, तरी ऑलिंपिक असो की रेल्वेचे सामने, आमचे कान रेडिओला चिकटलेले असायचे.

आता रेडिओचं सांगतो. इन्स्टिट्यूटचा रेडिओ त्या साली नेमका बिघडला होता. माझ्या क्वार्टरमध्ये एक होता. तो मी हॉकीसाठी घेतलेला नव्हता. माझ्या पत्नीसाठी, जनीसाठी घेतला होता. माझी ड्यूटी आडवेळची, आम्हाला मूलबाळ नाही, घरात एकटीनं किती बसायचं? तिला सोबत म्हणून रेडिओ. ती पोळ्या लाटताना त्याच्याशी बोलायची. बातम्या देणाऱ्या बाईला सांगायची, अगं जरा हळू वाच, मला ऐकू दे. त्यावर तिनं स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण घातलं होतं.

विश्वचषकाच्या आदल्या वर्षी जनी गेली. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. चौदाव्या दिवसापासून कुणी आलं नाही. यात कुणाचाही दोष नाही, प्रत्येकाला आपापली ड्यूटी असते. पण मी कामावरून यायचो, कुलूप काढायचो आणि दारातच थोडा थांबायचो. आत जायला काही कारणच नसायचं. रेडिओ मी वर्षभर लावला नाही. झाकणही काढलं नाही.

मग एके दिवशी लडकू पार्सल ऑफिसात आला, खिडकीपाशी उगाच इकडचं तिकडचं बोलला, आणि शेवटी म्हणाला, "दादा, उपांत्य सामना हाय मलेशियाशी. तुमचा रेडिओ चालतो का?" त्याला विचारायला संकोच वाटत होता, हे मला दिसलं. त्याला काय ठाऊक, मला किती आनंद झाला ते. मी त्या दिवशी घरी गेलो आणि जनी गेल्यानंतर पहिल्यांदा दोन्ही खोल्या झाडून काढल्या.

सामन्याच्या दुपारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याची ड्यूटी नव्हती तो आलाच होता, ज्याची होती तोही खिडकीतून डोकावून जात होता. मी झाकण काढलं, बटण फिरवलं, आणि रेडिओ लागला. माझ्या घरात पुन्हा आवाज झाला. खरं सांगतो, सुरुवातीची कॉमेंटरी मला कळलीच नाही. मी माणसांकडे पाहत होतो.

सामना आपल्याला माहीत आहे. मलेशियानं आघाडी घेतली, आपण बरोबरी केली, त्यांनी पुन्हा आघाडी घेतली. मग वेळ संपत आली आणि आपला गोल काही होईना.  चांगो केबिनवाला तर उठून चपला शोधायला लागला होता. मला एकदम भीती वाटली. हरलो तर ही मंडळी माना खाली घालून निघून जातील. अशा घरी परत कोण येतं? मला वाटलं, चहा टाकला तर थोडी थांबतील. म्हणून मी दुधाचं पातेलं घेऊन शेजारच्या भागूबाईंकडे दूध मागायला गेलो.

आणि मी तिकडे असताना पेनल्टी कॉर्नर मिळाला. बदली आलेल्या पोरानं चेंडू गोलात घातला. माझ्या घरातून असा आवाज आला की भागूबाईंची शेळी दावं तोडून पळाली.

मी दूध सांभाळत धावत आलो. उंबऱ्यावर पाय ठेवणार, तोच लडकूनं आतून हात वर केला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. अगदी काकुळतीला येऊन तो म्हणाला, "दादा, तुमी भायेर गेलात नि गोल झाला. पाया पडतो, आता आत येऊ नका." सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आपल्यातल्या कित्येकांचे डोळे त्यात होते, चांगो, तुझेसुद्धा. मी आत असतानाच आपण पहिली बरोबरी केली होती, पण ते कुणाला आठवलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. मी दूध तेवढं आत सरकवलं आणि समोरच्या करंजाच्या झाडाखाली जाऊन बसलो.

जादा वेळ सुरू झाला. तिथून शब्द ऐकू येत नव्हते, फक्त कॉमेंटरीचा चढउतार. भागूबाई शेळी शोधून परतल्या, मला पाहून थांबल्या आणि म्हणाल्या, "भावजी, घर तुमचं हाय नि तुमीच भायेर? जनी असती तर या सगल्यांना लाटनं घेऊन काढलं असतं तिनं."

मी म्हणालो, "वहिनी, आत माणसं हायत. खूप दिवसांनी हायत. असू दे."

मित्रहो, लडकूच्या मनातली शंका माझ्या मनात कधीच नव्हती. क्वालालंपूरच्या मैदानावर चेंडू कुठं जायचा हे कर्जतच्या पार्सलबाबूच्या बुडाखाली खुर्ची आहे की झाडाचं मूळ, यावर ठरत नसतं, एवढं मला कळत होतं. मी बाहेर बसलो ते भारतासाठी नाही. जिंकलो तर फायनल आहे, फायनल ऐकायला रेडिओ लागणार, आणि रेडिओ माझ्या घरी आहे, एवढाच माझा विचार होता. माझं घर भरलेलं राहावं म्हणून मी त्या घराच्या बाहेर बसलो.

तिसरा गोल झाला तेव्हा दार, खिडकी, भिंती, सगळं मिळून ओरडल्यासारखं झालं. थोड्या वेळानं तुम्ही सगळे धावत बाहेर आलात आणि मला खांद्यावर घेतलंत. तो क्षण मी विसरलेलो नाही, विसरणार नाही. मी खांद्यावरून विचारत होतो, अरे गोल कसा झाला? कुणी मारला? तुम्ही सगळे एकदम सांगत होतात, आणि एकाचंही वाक्य पुरं होत नव्हतं. मग पेढ्यांची टूम निघाली आणि मिरवणूक बाजाराकडे गेली. माझा गुडघा, म्हणून मी मागे राहिलो. घरात आलो. सतरंजी गोळा झालेली, कपबशा उपड्या, कुणाची तरी टोपी राहिलेली. रेडिओवर हात ठेवला, तो गरम होता. मी त्याच्याजवळ बसून राहिलो. गोल मला दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून कळले. त्या बदली खेळाडूच्या गळ्यात ताईत होता, असंही पुढे वाचनात आलं. इकडे तुमचा ताईत मी होतो, फक्त गळ्याऐवजी झाडाखाली ठेवायचा.

फायनलच्या दिवशी मला कुणी सांगावं लागलं नाही. मी चहाचं आधण ठेवून स्वतःच करंजाखाली गेलो. पाकिस्तानला हरवलं, जग जिंकलं. माझ्या घरात जिंकलं आणि मी बाहेर होतो.

त्यानंतर ती माझी नेमणूकच झाली. माँट्रिअलच्या ऑलिंपिकला मी सगळे सामने बाहेर बसलो आणि आपण सातवे आलो. त्याबद्दल मला कुणी बोल लावला नाही, हा आपला मोठेपणा. मॉस्कोपर्यंत इन्स्टिट्यूटचा नवा रेडिओ आला होता. म्हणजे माझ्या घरी यायचं कुणाला कारण उरलं नाही. पण निरोप मात्र यायचा: दादांना सांगा, इन्स्टिट्यूटच्या पायरीवर बसा. मी यायचो, पायरीवर बसायचो. सुवर्णपदक मिळालं. गेल्या साली दिल्लीच्या एशियाडसाठी टीव्ही आला. फायनलला मी पायरीवर, आणि आत गोलावर गोल होत होते, आपल्यावर. कुणीतरी खिडकीतून ओरडलं, दादा, अजून लांब जा. मी पार उल्हास नदीपर्यंत गेलो. तरी सात झाले. परत आलो तेव्हा टीव्ही बंद करून सगळे घरी गेले होते.

आता गेल्या महिन्यातलं सांगतो आणि संपवतो. अध्यक्ष महोदय घड्याळाकडे पाहत आहेत, आणि ते माझंच आहे.

गेल्या महिन्यात लंडनला क्रिकेटची फायनल होती. मी सवयीनं पायरीवर येऊन बसलो. वाटलं, निरोप येईल, दादा बाहेरच थांबा. कुणी आलं नाही. पोरं माझ्या अंगावरून उड्या मारून आत जात होती. शेवटी मी उठलो आणि आत गेलो. शेवटच्या बाकाच्या टोकाला बसलो. कुणी हात वर केला नाही. कुणी वळूनही पाहिलं नाही. मी आत होतो आणि भारत जिंकला. माझ्यावरचा डाग पुसला गेला म्हणायचा, पण तो होता हेच तिथं कुणाला माहीत नव्हतं. शेजारचा मुलगा उड्या मारत होता, मी त्याच्याकडे पाहून हसलो, तो मित्रांच्या गळ्यात पडायला पुढे धावला. मंडळी, खोटं कशाला बोलू? करंजाखाली मी इतका एकटा नव्हतो. तिथं निदान मी बाहेर आहे याकडे तुमचं लक्ष होतं.

उद्या सकाळी क्वार्टरची किल्ली साहेबांकडे द्यायची आहे. मग मी चौक गावाला, पुतण्याच्या घरी जाईन. पोरगा चांगला आहे, सून अगत्याची आहे, काळजी नसावी. पण जाण्यापूर्वी माझं एक मागणं आहे. शाल, श्रीफळ, घड्याळ मिळाल्यावर आणखी मागू नये, तरी मागतो.

गोल कसे झाले ते मला ठाऊक आहे, पेपरात आलं होतं. माझ्या घरात काय झालं, ते पेपरात आलं नव्हतं. कोण कुठं बसलं होतं? बरोबरी झाली तेव्हा कोण कुणाच्या गळ्यात पडलं? कोण रडलं? माझ्या जनीच्या रेडिओला सगळ्यात जवळ कोण होतं? त्या दोन खोल्यांत एवढा आनंद त्याआधी झाला नाही, नंतरही झाला नाही, आणि घर माझं असून मला तो माहीत नाही. तुमच्यातले दहा-बारा जण त्या दिवशी आत होते. आता चहा आहे. तुमच्यापैकी कुणीतरी माझ्याजवळ बसा आणि मला ते सगळं सावकाश, वाक्य पुरं करून सांगा.

आपण हा समारंभ घडवून आणलात, भर पावसात आलात, एका कारकुनाचं लांबलेलं भाषण ऐकून घेतलंत, याबद्दल मी आपल्या सर्वांचा मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही मोडतोड झाली असेल, एखादं खोकं चुकीच्या स्टेशनावर उतरलं असेल, तर आमच्या खात्याच्या रीतीप्रमाणे ते मालकाच्या जोखमीवर समजावं आणि मला मोठ्या मनानं मोकळं करावं.

लडकू, खाली मान घालून बसू नकोस. ती खुर्ची घे आणि इकडे ये. मी आत आहे.