तात्यांचा बरोबर आलेला अंदाज

भिवंडी स्टँडवर पडघ्याच्या गाडीसाठी रांगेत होतो. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, तरी पुढच्या दोघांपैकी एकाच्या काखेत कोरी छत्री होती.

"तात्या, पोरीच्या साखरपुड्यात व्याही भिजले ते तुमच्यामुले."

"केसरीनाथशेठ, मी तर चार दिवस आधी सांगितलं होतं, पाऊस येणार म्हणून."

"म्हनून तर मांडवावर ताडपत्री न्हाय घातली!"

"म्हणजे?"

"पंधरा वर्सं तुमी हवामानाच्या हापिसात हाव, आन तुमी पाऊस बोललात का ऊन पडतं. तुमी ऊन बोललात का आमी भात झाकतो. आमचा पुरा शेलार गाव त्यावर चालतो."

"खोटं कशाला बोलू? मीही कपडे तसेच वाळत घालायचो."

"मग या टायमाला काय झालं?"

"ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आलाय. जुना नकाशाचे मोठाले चौकोन पाडून हिशोब करायचा. तुम्ही आणि नाशिक एकाच चौकोनात! आता चौकोन बारीक झालेत, अंदाज बरोबर येतो."

"बरोबर येनार ते आधी नको सांगायला? व्याही कोट घालून आलते!"

"चुकलं. मलाच भरवसा नव्हता."

"बरं, रविवारी हलद हाय. पाऊस?"

"अजिबात नाही."

"हे सरल धरू का उलटं?"

"सरळ. शंभर टक्के सरळ."

"मग ही छत्री कशाला?"

"बायकोला सांगितलं, नवीन मशीन आलंय, आता अंदाज चुकणार नाही. तिनं त्याच दिवशी ही विकत आणली."