सहदेवच्या कागदावरची सही

बसा हरिहर मास्तर, बसा — पण त्या कागदाची घडी उलगडू नका, मी सही करणार नाही म्हटलं ना. पालक म्हणून शाळेच्या पटावर माझं नाव आहे, मान्य. सहदेव गोव्याहून, फिरंग्याच्या मुलखातून, एका वळकटीनिशी आला तेव्हा ओसरी मीच दिली. जेवायला सात घरचे सात वार — मंगळवार आमचा, शनिवार तुमचा. म्हणजे आठवड्यातून एकदा ताट वाढता आणि थेट पोराचं नशीब घडवायला निघालात.

आणि तुमचा तो जादा वर्ग — शाळा सुटल्यावर पुन्हा शाळा, वा. पोरांना कोलशेतच्या मिठागरांत न्यायचं, लोखंडी साखळी ओढून बांध मोजायचे, मग बसून नकाशे काढायचे — विद्या म्हणायची ही. गुडघाभर चिखल घेऊन हा दारात उभा, आणि आमची गोदा विहिरीवर घागरी ओतून त्याला घरात घेते. तिने कधी तक्रार केली नाही हो, ती मीच करतो. वर्गात तोंड उघडायचा नाही तो, उघडलं की त्याच्या कोकणी हेलाला पोरं फिदीफिदी हसायची — वर्षभर मुक्यासारखा राहिला. मग तुमचे नकाशे सापडले. नकाशाला बोलावं लागत नाही ना, म्हणून जीव रमला. एरवी मी काय कमी चांगली वाट दाखवली होती? कचेरीबाहेर माझ्या शेजारी बसावं, लोकांचे अर्ज लिहावेत. चाळीस वर्षं तेच करतोय, माझं काय वाईट झालं? हल्ली मी सांगतो आणि तो लिहितो — त्याचं अक्षर सुधारावं म्हणून. अक्षरासाठीच, दुसरं काही नाही.

मागच्या महिन्याचंच घ्या. कोलशेतचा काळुराम आगरी आला, मिठागराच्या बांधावरून शेजाऱ्याशी तंटा. मी नेहमीसारखी चतुःसीमा सांगायला लागलो — पश्चिमेस खाडी. तर हे चिरंजीव लेखणी थांबवून म्हणतात, काका, खाडी पूर्वेला, मी तिथे साखळी धरून चाललोय. काळुरामाच्या देखत. अहो, कोलशेतला पाऊल न टाकता तिथल्या शेकडो सीमा लिहिल्यात मी, एका खाडीने कधी हरकत घेतली नव्हती. लिही बाबा पूर्वेस, म्हटलं. अर्ज मंजूर झाला, काळुराम टोपलीभर काकड्या ठेवून गेला — मला, त्याला नव्हे. पण ती काकडी काही गोड लागली नाही. मी सांगितलं तसं गेलं असतं तर त्या माणसाचा बांध गेला असता. आजवर किती जणांचे गेले असतील — जाऊ दे, तो विषय कशाला.

तर काय, माझी सही झाली की हा मोजणी खात्यात उमेदवारीला, काम शिकायला, पुण्याला, उद्या सकाळच्या गाडीने. आणि माझे अर्ज कोण लिहि— म्हणजे, त्याचं अक्षर कोण सुधारणार? असे बघू नका माझ्याकडे. बघताय ना? मला कळत नाही म्हणून विचारतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, मास्तर. तुम्ही समोर बसलाय ते आवाजावरून. बायको असून गोदालासुद्धा बोललो नाही. तो गेला की कचेरीबाहेरची माझी बैठक उठलीच म्हणायची. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी बरं आहे, सुधारायचं काय डोंबल त्यात. भीती वाटते मला, झालं? ऐकलंत?

पण त्याला सांगाल तर खबरदार. कळलं तर पाय रोवून इथेच बसेल, वेडा आहे तो, मी ओळखतो त्याला. आणा तो कागद. नको, वाचून दाखवू नका. माझं बोट धरा आणि सहीच्या जागेवर नेऊन ठेवा — हं. गोपीनाथ एवढं लिहायला डोळे लागत नाहीत. रेघेवर आली ना? मग उठा आता, चहापाणी पुन्हा कधीतरी. आणि उद्या स्टेशनवर तुम्हीच जा त्याला पोचवायला. मी येऊन काय करू — गाडी हलली की नाही, हेसुद्धा दुसऱ्याला विचारावं लागेल. निघा.