सॉलोमन काउहाने यांचा कापलेला बोर्ड

नाव: हॅरिएट युकिको मियाशिरो
वय: ५८ वर्षे
धंदा: सर्फबोर्ड घडवणे
राहणार: वायालुआ, बंद साखर कारखान्यामागची पत्र्याची शेड व तिला लागून घर, ओआहू बेट, हवाई
ठिकाण: वहियावा पोलीस ठाणे
दिनांक: २१ ऑक्टोबर २०२५, सकाळी साडेदहा

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. सॉलोमन काउहाने यांनी त्यांच्या मुलीविरुद्ध जी तक्रार दिली आहे, तिच्यातला बोर्ड मी घडवला. म्हणून ठाण्यातून निरोप आल्यावर मी स्वतः हजर झाले आहे आणि विचारल्यावरून सांगते ते असे:

बोर्ड घडवण्याचं काम मी एकोणचाळीस वर्षं करते आहे. दुकानात साच्यातून काढलेले बोर्ड मिळतात, तसलं हे काम नाही. माझ्याकडे माणूस येतो. तो कसा उभा राहतो, कुठल्या लाटेवर जातो, कुठला गुडघा दुखतो ते बघून मी फोमचा ठोकळा रंध्यानं तासते, हातानं घासते, वर काचेचं कापड आणि रेझिन चढवते. वर्षाकाठी दोन-तीन बोर्ड असे होतात की ज्यांच्यासारखे आधी कोणी केलेले नसतात. त्यांतले बहुतेक फसतात. हे मी लपवत नाही.

सॉलोमन काउहाने, वय ७३, टेलिफोनच्या तारा जोडण्याच्या कामातून निवृत्त, यांना मी दादा म्हणते. आमचं नातं नाही. मी एकोणीस वर्षांची असताना आमच्या किनाऱ्यावर बाईनं घडवलेला बोर्ड कोणी फुकटही घेत नसे. माझा पहिला बोर्ड सॉलोमनदादानं घेतला. त्याला कुठेतरी चीर राहिली होती, तो पाणी प्यायला आणि ओंडक्यासारखा जड झाला. दुसऱ्या दिवशी दादा शेडमध्ये आला. मला वाटलं भांडायला आला. तो म्हणाला, "पोरी, तुझा बोर्ड माझ्यापेक्षा जास्त पितो. पण वळतो झकास. दुसरा कर."

मार्च २०२३ मध्ये दादाला लकव्याचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय निम्म्यानं गेले. जीभ शाबूत राहिली. त्याची बायको त्याआधीच वारलेली आहे. मुलगी केहाउलानी, वय ४१, तिला केहाउ म्हणतात, ती त्याच्यासोबत राहते आणि शाळेची बस चालवते. त्याची अंघोळ, गोळ्या, चालण्याचा सराव सगळं तीच बघते.

या वर्षीच्या जानेवारीत दादा काठी टेकत शेडवर आला. म्हणाला, "युकी, अर्ध्या माणसासाठी बोर्ड होतो का?"

मी म्हटलं, "अर्धा कुठला? कटकट तर पुरी आहे."

त्यानंतर आठवड्याभरात केहाउ आली. तिनं घरून केलेले लाउलाउ, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेलं मांस, आणले होते, अजून गरम होते. ती म्हणाली, "मावशी, पप्पा तुमच्याकडे येऊन गेले ना? त्यांना नाही म्हणा. माझं ते ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. आईच्या वेळी मी नऊ महिने दवाखान्याच्या खुर्चीवर झोपले. आता परत नको." मी "बरं" म्हटलं.

"बरं" म्हणजे वचन होतं का, असं मला विचारलं. होय. आम्हा दोघींनाही ते वचन आहे हे कळलं होतं.

तरीही बोर्ड का केला, असं विचारलं. फेब्रुवारीत मी तिचं पातेलं परत द्यायला त्यांच्या घरी गेले होते. केहाउ कामावर होती. दादा ओसरीवर बसला होता. त्यांच्या ओसरीवरून समुद्र सरळ दिसतो. त्यानं खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. मी पातेलं ठेवलं, चहा घेतला नाही. घरी आले आणि नवा ठोकळा काढला.

बोर्डाची रचना सांगायला सांगितली, ती अशी. दादा पालथा पडून वल्हवायला लागला की उजवा हात जोरात ओढतो, डावा नुसता पाण्यात फिरतो. त्यामुळे साधा बोर्ड डावीकडे वळतो. पहिल्या चाचणीत तो जागच्या जागी गोल फिरला. दादा म्हणाला, "कुत्रं शेपूट धरायला फिरतं तसं झालंय माझं." म्हणून कापलेल्या या बोर्डाला मी उजव्या बाजूला पोटाखाली आडव्या खाचा पाडल्या, म्हणजे तिकडे पाणी थोडं अडेल आणि बोर्ड सरळ जाईल. डावी कड जाड ठेवली, म्हणजे मेलेल्या बाजूचा भार पेलेल. दोन्ही बाजू एकमेकींसारख्या नाहीत. शेपटीचं टोकही तिरपं आहे. नवखा माणूस बघेल तर म्हणेल, उन्हात वितळलाय. उभं राहणं दादाला शक्य नाही. उजवा गुडघा टेकून बसता यावं म्हणून वर एक खळगा केला आणि उजव्या हाताला धरायला पट्टा बसवला. हा चौथा बोर्ड होता. आधीचे तीन माझ्या शेडच्या मागे पडले आहेत, बघायचे असल्यास दाखवीन.

चाचण्या पुआएनाच्या किनाऱ्याला, लाट कमरेएवढी असेल तेव्हाच, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी केहाउची बस गेल्यावर होत. दर वेळी मी पाण्यात सोबत असे. ही गोष्ट आम्ही केहाउपासून लपवली. दादानं लपव असं सांगितलं नव्हतं. मीच तिला सांगितलं नाही. बोर्ड त्यांच्या घराखालच्या जागेत ताडपत्रीखाली ठेवत होतो. तो एका हातानं ओढून नेता यावा म्हणून दोन चाकांची गाडीही मीच बनवून दिली होती. एका हातानं ओढता येते याचा अर्थ एकट्यानं नेता येते, हे गाडी बनवताना माझ्या लक्षात आलं नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर रोजी सकाळी सात वीसला दादाचा फोन आला. म्हणाला, "युकी, ये. पाणी काचेसारखं आहे." मी दुसऱ्या बोर्डासाठी रेझिन कालवलं होतं. ते एकदा कालवलं की वीस मिनिटांत दगड होतं, सोडून जाता येत नाही. मी म्हटलं, "उद्या शुक्रवार आहे. उद्या जाऊ."

"उद्या वारा फिरणार."

"मग पुढच्या मंगळवारी."

"तुझ्याकडे मंगळवार खूप आहेत, पोरी," असं तो म्हणाला. मी फोन ठेवला.

तो एकटा गेला. पुढचं मी पाहिलेलं नाही. बर्नडेट सूझा, ज्या बायकांच्या होडीचं सुकाणू धरतात, त्यांनी मला सांगितलं ते असं. सकाळी साडेआठच्या सुमारास त्यांची सहा जणींची होडी सरावाला त्या बाजूनं चालली होती. पहिल्या लाटेवर दादा पडला. दुसऱ्या लाटेवर तो गुडघ्यावर बसून पार उथळ पाण्यापर्यंत गेला. बायकांनी वल्ही थांबवून बघितलं, कारण तो मोठमोठ्यानं हसत होता. तिसऱ्या लाटेत बोर्ड उलटला आणि माणूस वर आला नाही. दोघींनी उड्या टाकल्या. बर्नडेट म्हणाल्या, "वर ओढला तर आधी भरपूर पाणी ओकला. मग डोळे न उघडताच म्हणाला, बोर्ड धरा." त्याला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. शनिवारी दुपारी घरी सोडलं. शुक्रवारी मी तिथे गेले होते. केहाउ खोलीच्या दारात उभी होती. ती बाजूला झाली नाही, म्हणून मी परतले.

अपघात कशानं झाला, असं मला विचारलं. लाट मोठी नव्हती. दादाची चूक नव्हती. मी जो पट्टा बसवला तो दोन्ही टोकांना पक्का होता. बोर्ड उलटला तेव्हा दादाचं मनगट त्यात पिळून अडकलं आणि डावा हात सोडवायला येऊ शकला नाही. पट्टा ताण आला की सुटणारा हवा होता. तसं करणं अवघड नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. चाचणीत दादा पडे तेव्हा मी जवळ असे आणि त्याचा हात धरीत असे, म्हणून ही चूक मला दिसली नाही. ही चूक माझी आहे. अंमलदारांनी विचारलं की हे लिहायचं का. लिहा.

रविवार, १९ ऑक्टोबर रोजी सकाळी केहाउनं बोर्ड अंगणात आणून फांद्या कापायच्या करवतीनं मधोमध कापला. दादा ओसरीवरून बघत होता. त्यानंच फोन करून पोलीस बोलावले. मी त्या वेळी तिथे नव्हते.

सोमवारी दुपारी चारला, केहाउ बसच्या कामावरून सुटल्यावर, मी त्यांच्या घरी गेले. ती अंगणात पायरीवर बसली होती. बोर्डाचे दोन्ही भाग गवतात होते. दादा आत होता आणि आम्हाला ऐकू येईल इतक्या जोरात टीव्हीचा आवाज वाढवत होता. मी पायरीवर तिच्याशेजारी बसले. आमचं बोलणं झालं ते असं:

ती म्हणाली, "तुम्ही बरं म्हणाला होतात, मावशी."

"म्हणाले होते."

"तुमच्याऐवजी दुसरं कोणी असतं तर मनाला एवढं लागलं नसतं."

  मग तिनंच विचारलं, "नेमकं कुठे चुकलं?" मी उठून तिला पट्टा दाखवला, आपलं मनगट त्यात घातलं आणि पिळून दाखवलं. तिनंही घालून बघितलं. तिचं मनगट अडकलं, ते मी सोडवलं. तिनं पट्टा ओढून बघितला. म्हणाली, "म्हणजे कापायचा होता तो हा. मी उगीच सगळा बोर्ड कापला."

मग ती म्हणाली, "बर्नडेट मावशी सांगत होत्या, पप्पा हसत होते. अडीच वर्षं झाली, माझ्यासमोर एकदा हसले नाहीत. मी त्यांना कुठे ठेवू, मावशी? घरात ठेवलं तर असे संपतात, पाण्यात सोडलं तर तसे." ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं राहू दिला. टीव्हीचा आवाज बंद झाला होता.

बोर्डाची किंमत आणि मालकी याबद्दल विचारलं. मी बोर्डासाठी काही घेतलेलं नाही. माझी पद्धत अशी की बोर्ड पूर्ण झाला आणि मला पटला, की फोममध्ये मधोमध असते त्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं सही करते आणि आकडा घालते. त्यानंतर तो गिऱ्हाइकाचा. चाचणीचे बोर्ड सही न करता देते आणि ते माझेच राहतात. किनाऱ्यावरच्या कोणालाही विचारा. कापलेल्या बोर्डावर सही नाही, ठाण्यात आणलेले तुकडे तपासून घ्यावेत. म्हणजे नुकसान झालं असेल तर ते माझं आहे, आणि केहाउलानी काउहाने हिच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही.

हे सांगत असताना बाहेरच्या बाकावरून सॉलोमनदादा म्हणाला की बोर्ड त्याचाच आहे आणि युकी खोटं बोलते आहे. अंमलदारांनी त्याला गप्प राहायला सांगितलं. नोंदीसाठी सांगते की फिर्यादीला आज ठाण्यात आरोपीच गाडीतून घेऊन आली आहे, आणि त्याच्या गोळ्यांची वेळ झाली म्हणून मघाशी दोनदा आत डोकावून गेली.

पुन्हा असा बोर्ड करणार का, असं मला शेवटी विचारलं. केहाउच्या नकळत करणार नाही. हे मी पोलिसांसमोर सांगते, कारण तिला दिलेलं मागचं वचन मी पाळलं नाही.

एक गोष्ट विचारली नाही, पण सांगायची आहे. आज सकाळी सहाला, बस काढण्याआधी, केहाउ माझ्या शेडवर आली होती. बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "पप्पा ब्याऐंशी किलो." मी म्हटलं, मला माहीत आहे, बोर्ड करायचा तर आधी वजनच लागतं. ती जायला वळली, दोन पावलं गेली, मग थांबली आणि मागे वळून न बघता म्हणाली, "मी अडुसष्ट."

मी ते दोन्ही आकडे भिंतीवर लिहून ठेवले आणि एकाच बोर्डासाठी त्यांची बेरीज केली.

माझा हा जबाब अंमलदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. एका ठिकाणी "खाचा" ऐवजी "भोकं" असं झालं होतं, ते दुरुस्त करून घेतलं. बाकी मी बोलले तसंच उतरलं आहे, कोणाच्या दडपणाखाली बोललेले नाही, आणि चूक माझी असल्याचं वाक्य माझ्या सांगण्यावरून तसंच ठेवलं आहे.

सही: हॅ. यु. मियाशिरो