देन्सीचं तळं कोणतं

ब्लासी : वहिनी, तिकीट फाडून झालंय. आता त्या पोराशी हुज्जत घालू नका, चला.

नेला : हुज्जत कुठं घातली? नुसतं विचारलं. गोरे लोक तळं बघायला येतात, त्यांनी काढावं तिकीट. मी नवऱ्याला जेवू घालायला चाललेय. माणूस मेला की त्याचा आत्मा इथूनच वर जातो, दारावरच्या कोंदे रातूला नाव सांगतो आणि आपापल्या तळ्यात शिरतो, म्हाताऱ्यांचं वेगळं, तरण्यांचं वेगळं, दुष्टांचं वेगळं. त्या रखवालदारानं आजवर कुणाकडं तिकीट मागितलं नाही. ह्या टोपीवाल्यानं मागितलं.

ब्लासी : नॅशनल पार्क आहे ना. सरकारी नोकर तो, काय करणार?

नेला : मला विचारतो, मावशी, टोपलीत काय आहे? म्हटलं, भात आहे, डुकराचं मटण आहे, आणि नवरा वर आहे.

ब्लासी : द्या ती टोपली इकडं. पायऱ्या लागतील आता.

नेला : नको. तुझ्या हातात आली की तू टणाटण पुढं जाशील आणि म्हाताऱ्यांच्या तळ्यावर ताट ठेवून मोकळा होशील. मी ओळखत नाही होय तुला? इतक्या वर्षांत कधी चर्चला माझ्या बरोबरीनं चालला नाहीस. आज उजाडायच्या आत मोटरसायकल घेऊन दारात. म्हणे, वहिनी, एकट्या कशा जाल.

ब्लासी : भावाला जाऊन वर्ष झालं आज. यायला नको?

नेला : खरं बोल.

ब्लासी : बरं, खरं बोलतो. परवा नळावर चार बायकांच्या देखत तुम्ही म्हणालात, देन्सीचं ताट मी दुष्टांच्या तळ्यावर वाढणार. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मोनी गावात झालं. आमची तर जेवलीसुद्धा नाही.

नेला : एक दिवस नाही जेवली तर तिला बरंच आहे.

ब्लासी : थट्टा नाही वहिनी. त्या तळ्यात चेटकी जातात, करणी करणारे. आपल्या घरचं ताट तिथं गेलं की लोक काय समजणार? देन्सी चेटकी होता. भाऊ चेटकी तर मीही चेटकी. मग माझ्या युस्तिनाला कोण करून घेईल? पुढच्या महिन्यात डेटुसोकोचे लोक बोलणी पक्की करायला येतायत. त्यांनी द्यायची डुकरं ठरलीत, सोनं ठरलंय.

नेला : म्हणजे भावासाठी नाही आलास. जावयासाठी आलास.

ब्लासी : दोघांसाठी म्हणा.

नेला : थांब जरा. गुडघा कुरकुरतोय. बघ, बघ ही वरात उतरतेय. सहाला सूर्य बघायला वर, सातला न्याहरीला खाली. तळ्याकडं पाठ करायची आणि स्वतःचाच फोटो काढायचा. त्यांच्यातल्या लाल टोपीवाल्यानं मघाशी माझाही काढला. घरी जाऊन दाखवेल, हा डोंगर, ही माकडं, ही म्हातारी.

ब्लासी : हसून दिलात तुम्ही.

नेला : दात दाखवले. हसले नाही. आणि त्यांच्याबरोबरचा आपला तो गाइड, कुसेचा मुलगा, ऐकलंस काय सांगत होता? तळ्यांचे रंग बदलतात ते गंधकानं, खालच्या वाफेनं. असेल बाबा. माणसाचे डोळे लाल होतात तेही दारूनंच. पण तो प्यायला कशापायी, ते कुठलं गंधक सांगणार?

ब्लासी : फादर काय म्हणाले तेवढं तरी धरा. देन्सी स्वर्गात आहे म्हणाले. मग ही तळ्यांची भानगडच नको.

नेला : फादरना मी तोंडावर सांगितलं. म्हटलं, फादर, बावीस वर्षं ह्या माणसाला मलेशियातनं मोनीचा रस्ता सापडला नाही, स्वर्गाचा बरा सापडला.

ब्लासी : त्यावर काय म्हणाले?

नेला : म्हणाले, नेला, मळ्यातल्या घेवड्याचं कसं काय आहे यंदा.

ब्लासी : वहिनी, मी काय म्हणतो, देन्सी चुकला. मी कुठं नाही म्हणतोय? दोन वर्षं म्हणून गेला, बावीस लावली. पण तो वाईट नव्हता. तिकडं तेलमाडाच्या मळ्यात राबला. सुरुवातीला पैसे धाडायचा.

नेला : सुरुवातीला. मग नुसते निरोप धाडायचा. पुढच्या नाताळला येतो. कुणी ना कुणी परत आलेला माणूस यायचा, चहा प्यायचा, आणि सांगायचा, वहिनी, देन्सी पुढच्या नाताळला येतोय. मी चहा पाजून पाजून थकले. तुझी आई मात्र दर वेळी खरं मानायची. रस्त्याकडं तोंड करून ओट्यावर बसायची, आणि सांज झाली की त्याच्या नावचं ताट झाकून ठेवायची. सकाळी ते डुकराला घालायचं काम माझं. एकोणीस वर्षं, ती जाईपर्यंत. डुक्कर चांगलं पोसलं.

ब्लासी : आईचं काढू नका. मला...

नेला : का? तुला काय होतं? तू तर चार घरं सोडून राहायचास. शेवटी शेवटी तिला दिसेना, तर दारात कुणाचंही पाऊल वाजलं की विचारायची, देन्सी का? मी हो म्हणायचे. देन्सीच आहे आई, मळ्यात गेलाय, येईल. मरतानासुद्धा तेच सांगितलं तिला. मी आयुष्यात खोटं बोलले ते ह्या माणसासाठी. आणि तू म्हणतोस तो वाईट नव्हता.

ब्लासी : पण तुम्ही त्याला घरात घेतलंत ना शेवटी. पाय सुजलेले, तोंड सुजलेलं, मोटारीतनं उचलून काढला त्याला. दुसरीनं दार लावून घेतलं असतं.

नेला : लावणारच होते. कडी गंजली होती.

ब्लासी : आठ महिने केलंत त्याचं. गावानं बघितलंय.

नेला : गावाला काय, गाव माझं भांडण ऐकायला यायचं. एंडेच्या डॉक्टरनं सांगितलं, मूत्रपिंडं गेलीत, मिठाचा कण नको. झालं. दोन वेळा तेच. समुद्र ओलांडून आलो म्हणे, नेला, आणि घरात मीठ नाही. ताट सरकवून द्यायचा. एकदा शेजारणीकडं सुका मासा मागायला गेला, चालवत नव्हतं तरी. मी मिठाचा डबा डुकराच्या कोंड्यात पुरून ठेवला होता.

ब्लासी : त्यानं सांगितलं होतं मला.

नेला : आणि कुठं होतास इतकी वर्षं, असं विचारलं की म्हणायचा, बरं वाटलं की सांगतो. ज्या दिवशी गेला त्या दिवशी दुपारी चिमूटभर मीठ मागितलं. जिभेवर ठेव म्हणाला. मी म्हटलं, उद्या.

ब्लासी : वहिनी.

नेला : काय वहिनी? बावीस वर्षं तो मला पुढच्या नाताळचं सांगत होता. मी एकदा उद्या म्हटलं. चल, ऊठ. वर धुकं यायच्या आत पोचू.

ब्लासी : एक सांगायचं राहिलं. वर कॉफी विकते ती सोफी माहितीय ना? ती मुलाची आत्या.

नेला : कुठल्या मुलाची?

ब्लासी : आमच्या होणाऱ्या जावयाची. डेटुसोकोचीच ती. आज वर असेल. तुम्ही कुठल्या बाजूला तोंड करून बसता, ते बघेल आणि दुपारच्या आत घरी सांगेल.

नेला : आता कळलं. तरीच म्हटलं, तू नवा शर्ट का घातलास.

(शेवटची पायरी. एका अंगाला दोन तळी, मध्ये पातळ कातळाची भिंत. दुसऱ्या अंगाला, जरा लांब, तिसरं, म्हाताऱ्यांचं.)

सोफी : या मावशी, बसा. दमलात. आल्याची कॉफी देऊ? ब्लासीदादा, तुम्ही सोबत आलात, बरं केलंत.

ब्लासी : भावाचं वर्ष ना आज. आलो आपले, म्हाताऱ्यांच्या तळ्याकडं ताट ठेवायला.

नेला : ताट ह्यानं आणलंय का बघ गं सोफी. ह्याच्या हातात काही दिसतंय?

सोफी : नाही, मी सहजच. खाली काहीतरी बोलत होते लोक. मी म्हटलं, आपण कशाला विचारायचं? कुणाचं ताट, कुणाचा नवरा. पण सोयरीक म्हटली की माणूस चौकशी करतो, मावशी. तुम्हीही केली असती.

नेला : करतेच आहे. तुझा भाचा काय करतो?

सोफी : एंडेला मोबाइलच्या दुकानात आहे. निर्व्यसनी पोरगा. लग्न झालं की जाईल मलेशियाला, त्याच्या मित्रानं बोलावलंय. दोन वर्षं फक्त. चार पैसे आले की घर बांधेल.

नेला : दोन वर्षं.

सोफी : फक्त दोन.

नेला : ब्लासी, तुला ठाऊक होतं?

ब्लासी : म्हणजे... विषय निघाला होता. हल्ली सगळेच जातात, वहिनी.

नेला : आणि युस्तिना?

ब्लासी : ती राहील सासूपाशी. म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी लागतं ना घरात.

नेला : हां. आणि ताट झाकायला.

सोफी : मावशी, मी काही वावगं बोलले का?

नेला : तू नाही बोललीस. कॉफी दे. ब्लासी, इकडं ये. हे डावीकडचं दुष्टांचं तळं बघ. यंदा कसं झालंय, जुन्या रक्तासारखं. आत्ता मी तिकडं तोंड करून दोन घास टाकले आणि देन्सीला हाक मारली, तर दुपारच्या आत तुझी सोयरीक मोडेल आणि तुझी पोर सुटेल. माझं काय जातं? दोन हाका फक्त.

ब्लासी : वहिनी, पाया पडतो. तिला मुलगा आवडलाय. तिनं स्वतः सांगितलंय मला. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.

नेला : मलाही आवडला होता.

ब्लासी : टोपलीत दोन द्रोण कशाला आहेत? मघापासून बघतोय. एक इकडं नि एक तिकडं ठेवणार आहात का?

नेला : सोफी, तुझ्या भाच्याला निरोप दे. जायचं तर दोघांनी जायचं. तिथं मळ्यात दोघांनी राबायचं, दोघांनी परत यायचं. बायकोला आईपाशी ठेवून गेला, तर मी पुढच्या वर्षी पुन्हा इथं येणार आहे. तिकीट काढून. आणि तळी कुठं जात नाहीत.

सोफी : मावशी, असं कसं...

नेला : माझ्या शब्दांत सांग. गोड करू नकोस. साखर तू कॉफीत घालतेस तेवढी पुरे.

सोफी : सांगते. त्याची आईसुद्धा एकटीच होती हो अशी. नवरा तिचाही, म्हणजे माझा भाऊ, गेला होता तिकडं. सांगते मी.

नेला : आणि ब्लासी, तू घाम पूस. नळावर बोलले ते रागानं बोलले. मग मटण शिजवताना विचार केला. दुष्ट व्हायलाही मेहनत लागते. रात्री जागायचं, मंत्र पाठ करायचे, कुणाचं तरी वाटोळं शेवटाला न्यायचं. देन्सीनं कुठलं काम शेवटाला नेलं? कोंबड्यांचं खुराडं बांधायला घेतलं होतं जायच्या आधी. अजून तीनच भिंती आहेत त्याला. चेटकी त्याला दारात उभा करणार नाहीत.

ब्लासी : मग म्हाताऱ्यांच्या?

नेला : दुष्टांत टाकला असता तर सुटला असता तो. तिथं त्याला ओळखणारं कोण आहे? इकडं आई बसलीय. ती विचारेल. मला त्यानं बरं वाटलं की सांगतो म्हणून टोलवलं. तिला टोलवून दाखवू दे.

ब्लासी : मग हा दुसरा द्रोण...

नेला : तिचा. आधी तिला वाढायचं. सरक, ते माकड बघ कसं टपलंय. हाण त्याला. ह्यांचं जेवण होऊ दे, मग तुझंच आहे रे ते. ताडी ओत थोडी. विडी पेटव आणि दगडावर ठेव, लवंगेची आणलीय.

ब्लासी : तुम्ही हाक मारा. मोठी सून आहात.

नेला : आई. नेला आलेय. जेवून घ्या. ओट्यावर बसायचं संपलं आता. हा बघा, आला. उशीर झाला, पण मी खोटं बोलले नव्हते, येईल म्हटलं होतं, आला. आता तुमचा मुलगा तुमच्या ताब्यात. कुठं होता ते विचारा, आणि सांगितल्याशिवाय उठू देऊ नका. आणि देन्सी, तू. जेव. मान खाली घालून जेव.

सोफी : धुकं सरकलं बघा तिकडचं. पाणी दिसायला लागलं.

नेला : दिसू दे. ब्लासी, घरच्यांनी घास घ्यायचा असतो, विसरलास का? त्याच्या द्रोणातला घे. सोफी, तूही घे, आता तू काही परकी नाहीस. घे गं, लाजतेस कशाला?

सोफी : मटण छान शिजलंय मावशी. पण...

ब्लासी : वहिनी, हे खारट झालंय. नुसतं मीठ लागतंय तोंडाला.

नेला : लागू दे. तिथं कुठला डॉक्टर बघायला बसलाय.